आहार-व्यायामानंतरही न हटणारी चरबी: शस्त्रक्रियेविना होणारे उपचार करून घ्यावेत का?

सायंतारा

नमस्कार. माझे वय ४३ वर्षे आहे. गेल्या दीड वर्षात आहारात बदल करून आणि रोज तासभर चालून मी ११ किलो वजन कमी केले आणि गेले पाच महिने ते टिकून आहे. चेहरा, दंड आणि पाठ यांत फरक स्पष्ट दिसतो. परंतु ओटीपोटाचा उंचवटा आणि कंबरेच्या दोन्ही बाजूंचे वळे मात्र जवळजवळ पूर्वीसारखेच राहिले आहेत. माझी दोन बाळंतपणे झाली असून दुसरे सिझेरियन होते. शस्त्रक्रियेची मला भीती वाटते, त्यामुळे लायपोसक्शनचा (नळीने चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेचा) विचार मी केलेला नाही.

मागच्या आठवड्यात मी एका क्लिनिकमध्ये चौकशीसाठी गेले होते. तेथील समुपदेशक बाईंनी चरबी गोठवण्याच्या दोन सिटिंग, त्यानंतर रेडिओफ्रिक्वेन्सीच्या (रेडिओलहरींनी त्वचा तापवण्याच्या) सहा आणि पोटाच्या स्नायूंसाठी चुंबकीय यंत्राच्या चार, असा एकत्रित कार्यक्रम सुचवला आणि त्याच दिवशी नाव नोंदवल्यास सवलत मिळेल असे सांगितले. त्या पाऊण तासात डॉक्टरांची भेट झाली नाही आणि माझे पोट कोणी हात लावून तपासलेही नाही, ही गोष्ट घरी आल्यावर मला खटकू लागली.

या उपचारांनी चरबी खरोखर कमी होते का, झाली तर किती, ती परत येते का आणि यात धोका कोणता, हे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी हे उपचार घेतले आहेत किंवा जे ते देतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दीर्घिका

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि ही यंत्रे रोजच्या कामात वापरते. त्यामुळे माझे मत या उपचारांकडे थोडे झुकलेले असू शकते, हे लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

तुम्हाला जी गोष्ट खटकली, तीच माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. यंत्र कोणते वापरायचे हा प्रश्न नंतरचा. आधी तो उंचवटा कशाचा आहे हे हाताने तपासून ठरवावे लागते. पोट पुढे दिसण्याची कारणे निदान चार असतात. त्वचेखालची चरबी, जी चिमटीत धरता येते. पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी, जी चिमटीत येत नाही आणि पोट टणक, गोल दिसते. सैल पडलेली त्वचा. आणि बाळंतपणानंतर पोटाच्या मधल्या रेषेवर एकमेकांपासून दूर गेलेले स्नायू. शस्त्रक्रियेविना होणारे चरबीचे सगळे उपचार यांपैकी फक्त पहिल्या प्रकारावर काम करतात. उताणे झोपून, गुडघे वाकवून डोके थोडे उचलले असता बेंबीच्या वरखाली मध्यभागी दोनपेक्षा जास्त बोटे आत जात असतील किंवा तिथे लांबट फुगवटा उठत असेल, तर स्नायू विलग झाल्याची शक्यता असते आणि तो फुगवटा चरबी गोठवून जाणार नाही. तुमच्या दोन बाळंतपणांमुळे ही तपासणी व्हायलाच हवी होती. सिझेरियनच्या व्रणाजवळ किंवा बेंबीपाशी हर्निया नाही ना, हेही पाहणे आवश्यक आहे, कारण हर्निया असलेल्या जागी यंत्राचा ओढून धरणारा कप लावणे धोक्याचे असते.

आता चरबी काही ठिकाणी इतकी चिवट का असते, याविषयी. चरबीच्या पेशींवर ॲड्रिनॅलिनला प्रतिसाद देणारी दोन प्रकारची ग्राहके (संदेश टिपणारी रिसेप्टर) असतात. बीटा ग्राहके साठवलेली चरबी सोडण्याचा संदेश देतात, तर अल्फा-२ ग्राहके ते सोडणे रोखून धरतात. स्त्रियांच्या नितंबांवर आणि मांड्यांवर अल्फा-२ चे प्रमाण जास्त आढळते, आणि म्हणून तिथली चरबी उपाशी राहूनही सावकाश उतरते. यात तुमच्या प्रयत्नांची काहीही उणीव नाही. शिवाय वजन उतरते तेव्हा पेशी लहान होतात, त्यांची संख्या फारशी बदलत नाही. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या किर्स्टी स्पाल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली हे फार कल्पक रीतीने दाखवले. शीतयुद्धाच्या काळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बन-१४ च्या आधारे त्यांनी चरबीच्या पेशींचे वय मोजले. प्रौढ माणसात दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात, असे त्यातून दिसले.

चरबी गोठवण्याचा उपचार, म्हणजे क्रायोलिपोलिसिस, नेमका या पेशींची संख्या कमी करतो. त्याचे मूळ एका जुन्या निरीक्षणात आहे: बर्फाची गोड कांडी चोखणाऱ्या तान्ह्या मुलांच्या गालातील चरबीला दाह होऊन ती कमी होते, पण वरची त्वचा शाबूत राहते, असे १९७० मध्ये नोंदवले गेले होते. त्याच धाग्याने जाऊन हार्वर्डशी संलग्न मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डीटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांनी डुकरांवर प्रयोग केले आणि ते २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. चरबीच्या पेशीतील मेद पाणी गोठण्याच्या कितीतरी आधी स्फटिकरूप होतो, त्यामुळे त्वचा, नसा आणि रक्तवाहिन्या वाचतात पण चरबीची पेशी घायाळ होते. ती लगेच फुटत नाही. पुढच्या काही दिवसांत ती आपली आपण मरते, तिथे सौम्य दाह होतो आणि शरीरातील भक्षक पेशी तिचा निचरा करतात. म्हणूनच परिणाम दिसू लागायला महिना आणि पुरता दिसायला दोन ते तीन महिने लागतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्राला कंबरेच्या बाजूंसाठी २०१० मध्ये आणि पोटासाठी २०१२ मध्ये मान्यता दिली.

किती कमी होते, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की उपचार केलेल्या जागेतील चरबीच्या थराची जाडी एका सिटिंगमध्ये साधारणपणे पाचव्या ते चौथ्या हिश्शाने कमी होते. याचा अर्थ डोळ्यांपुढे यावा म्हणून एक हिशेब मांडते. समजा, कपाखाली आलेली जागा २० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद आहे आणि चरबीचा थर अडीच सेंटिमीटर जाड आहे. म्हणजे तिथे सुमारे ५०० घनसेंटिमीटर चरबी झाली. तिचा पाचवा हिस्सा १०० घनसेंटिमीटर, आणि वजन जेमतेम ९० ग्रॅम. वजनकाट्यावर हा फरक दिसणारच नाही. कपडे थोडे सैल होतील, वळ्याची कडा मऊ होईल आणि थर दोन सेंटिमीटरांवर येईल. ज्यांना एवढ्याने समाधान वाटेल, त्यांच्यासाठी हा उपचार चांगला आहे. ज्यांच्या मनात सपाट पोटाचे चित्र आहे, त्यांना मी स्वतः परत पाठवते.

उष्णतेने काम करणारे उपचार वेगळे. १०६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरने चरबी ४२ ते ४७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली जाते आणि एक सिटिंग २५ मिनिटांची असते. एकाग्र अल्ट्रासाउंडमध्ये त्वचेखाली ठरावीक खोलीवर ५५ अंशांहून अधिक तापमान निर्माण केले जाते. अंतिम परिणाम पेशी मरण्याचाच. रेडिओफ्रिक्वेन्सीचा मुख्य उपयोग, निदान माझ्या अनुभवात, सैल त्वचा थोडी आवळण्यापुरता आहे, आणि ज्यांची त्वचा घट्ट आहे त्यांना तिच्या सहा सिटिंग देण्याचे कारण मला समजत नाही. चुंबकीय यंत्र अर्ध्या तासात स्नायूंचे सुमारे २०,००० आकुंचन घडवून आणते. त्याने स्नायू थोडे जाड होतात; चरबीच्या जाड थरामागे मात्र हा बदल झाकलेलाच राहतो. तुमच्या शरीरात तांबी बसवलेली असेल, धातूचे रोपण किंवा पेसमेकर असेल, तर हे यंत्र वापरता येत नाही. त्या समुपदेशक बाईंनी तुम्हाला हा प्रश्न विचारला होता का?

क्रायोलिपोलिसिस ज्यांनी मुळीच करून घेऊ नये, असे तीन विकार आहेत: क्रायोग्लोब्युलिनेमिया (थंडीत रक्तातील काही प्रथिने साकळण्याचा विकार), कोल्ड ॲग्लुटिनिन विकार (थंडीत तांबड्या पेशी एकमेकींना चिकटण्याचा विकार) आणि थंडीमुळे तांबड्या पेशी फुटून लघवी लाल होण्याचा विकार. थंडीने अंगावर गांधी उठत असतील किंवा बोटे पांढरी-निळी पडत असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गरोदरपणात यांपैकी कोणताही उपचार करत नाहीत.

ओंजळ

मी दोन वर्षांपूर्वी कंबरेच्या दोन्ही बाजूंना क्रायोलिपोलिसिस करून घेतले. माझा अनुभव एकंदरीत चांगला आहे, तरीही ज्या गोष्टी मला आधी कोणी सांगितल्या नव्हत्या त्या येथे नोंदवते.

त्वचेवर प्रथम जेलमध्ये भिजवलेला पातळ कापडी पडदा ठेवतात. तो त्वचेचे हिमदाहापासून रक्षण करतो, म्हणून तो नीट पसरला आहे ना आणि नवा आहे ना, हे मी पाहून घेतले होते. कप लागल्यावर पहिली आठ-दहा मिनिटे ओढ आणि बोचरी थंडी जाणवते, नंतर जागा बधिर होते. खरा त्रास कप काढल्यानंतरच्या दोन मिनिटांच्या मालिशचा होता. लोण्याच्या थंड गोळ्यासारखी घट्ट झालेली चरबी दाबून मोकळी करतात, आणि ते सहन करणे मला कठीण गेले.

पहिले तीन दिवस केवळ सूज आणि काळेनिळे डाग होते. चौथ्या दिवशी मात्र अचानक विजेच्या झटक्यांसारखी कळ येऊ लागली आणि मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ही उशिरा सुरू होणारी वेदना काही जणांना होते आणि आपोआप थांबते, असे त्यांनी समजावले. माझी नवव्या दिवशी थांबली. बधिरपणा मात्र जवळजवळ पाच आठवडे टिकला. कपड्याचा स्पर्श झाला तरी तो दुसऱ्याच कोणाच्या अंगाला झाल्यासारखे वाटत असे.

परिणामाविषयी म्हणायचे तर पहिले सहा आठवडे मला काहीच दिसले नाही आणि पैसे वाया गेले, अशी माझी खात्री झाली होती. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दोन्ही वेळची छायाचित्रे शेजारी ठेवली तेव्हा फरक दिसला. एक सूचना करावीशी वाटते. उपचारापूर्वीची छायाचित्रे स्वतःच्या फोनवरही काढून घ्या, आणि ती एकाच जागी, एकाच उजेडात, पायांत तेवढेच अंतर ठेवून, श्वास सोडलेल्या स्थितीत काढा. क्लिनिकच्या छायाचित्रांत आधी पोट सैल सोडलेले आणि नंतर किंचित आत घेतलेले असले, तरी दोन सेंटिमीटरांचा फरक सहज तयार होतो, आणि येथे साऱ्या उपचाराचा लाभच अर्धा-एक सेंटिमीटरांचा असतो.

सायंतारा

दोघींचे मनापासून आभार. तांबीविषयी मला कोणीही विचारले नव्हते आणि ती माझ्या शरीरात आहे. हे वाचून मी खरोखर हादरले.

आणखी एक शंका आहे. माझी रक्तातील साखर सीमारेषेवर असते. पोटाची चरबी मधुमेहाला कारणीभूत ठरते असे सर्वत्र वाचायला मिळते आणि समुपदेशक बाईंनीही या उपचाराने साखर सुधारेल असे सुचवले होते. यात तथ्य आहे का? तसेच मेलेल्या पेशींतील मेद रक्तात उतरून कोलेस्टेरॉल वाढते का?

दीर्घिका

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. क्रायोलिपोलिसिसनंतर रक्तातील मेद आणि यकृताच्या चाचण्या तपासल्या गेल्या आहेत आणि त्यांत लक्षणीय बदल आढळला नाही, कारण निचरा अनेक आठवडे चालतो आणि एकूण मेद फारच थोडा असतो.

पहिल्या प्रश्नासाठी २००४ मधील एक अभ्यास सांगते. सॅम्युएल क्लाइन आणि सहकाऱ्यांनी १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरून लायपोसक्शनने फार मोठ्या प्रमाणात, सरासरी सुमारे १० किलोपर्यंत, त्वचेखालची चरबी काढली आणि तीन महिन्यांनी त्यांची तपासणी केली. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, रक्तदाब, रक्तातील मेद, यांपैकी काहीही सुधारले नाही. १० किलो काढूनही जे साधले नाही, ते ९० ग्रॅमने साधेल असे म्हणणे तुमची दिशाभूल करणारे आहे. साखरेवर परिणाम करणारी चरबी प्रामुख्याने आतड्यांभोवतीची आणि यकृतातील असते, आणि तिच्यावर तुमच्या रोजच्या चालण्याचा जो परिणाम होतो तो कोणत्याही कपाचा होत नाही. ११ किलो उतरवून तुम्ही त्या चरबीचा मोठा भाग आधीच घालवला असण्याची शक्यता आहे.

काठावरचा

हे लिहू की नको याचा मी बराच विचार केला. कोणाला घाबरवण्याची माझी इच्छा नाही, परंतु ज्या एका गुंतागुंतीचा उल्लेख वर आलेला नाही ती माझ्या वाट्याला आली आहे आणि ती माहीत नसल्यामुळे माझे अनेक महिने गोंधळात गेले.

बेंबीखालच्या भागावर क्रायोलिपोलिसिस केल्यानंतर पहिले दोन महिने जागा हलकी झाल्यासारखी वाटली. तिसऱ्या महिन्यात ती पुन्हा भरू लागली. मी खाण्यापिण्यावर अधिक कडक नियंत्रण आणले, वजन दोन किलोने उतरले, आणि तरीही तो भाग वाढतच राहिला. चौथ्या महिन्यात त्याला स्पष्ट कडा आल्या. कप जेथे लागला होता, नेमक्या त्याच आकाराची, हाताला घट्ट लागणारी, न दुखणारी वीट पोटावर ठेवल्यासारखी दिसू लागली. क्लिनिकने ‘तुमचे वजन वाढले असेल’ असे सांगून आणखी एक सिटिंग करण्याचा सल्ला दिला. सुदैवाने मी ती केली नाही.

याचे नाव पॅराडॉक्सिकल ॲडिपोज हायपरप्लेजिया. चरबी घटण्याऐवजी त्या जागी ती वाढते आणि तंतुमय होते. वैद्यकीय नियतकालिकात याची पहिली नोंद २०१४ मध्ये झाली. उत्पादकांनी सुरुवातीला याचे प्रमाण २०,००० पैकी एक असे दिले होते. पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत ते त्याहून बरेच जास्त आढळले. तरीही ही गुंतागुंत विरळच आहे आणि नोंदींत पुरुषांचे प्रमाण तुलनेने अधिक दिसते. मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी २०२१ मध्ये स्वतःला हाच त्रास झाल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभर याची चर्चा झाली, आणि मलाही माझ्या पोटाला काय झाले आहे ते त्या बातम्यांमुळेच कळले.

हा वाढलेला भाग आपोआप ओसरत नाही. व्यायामानेही नाही. प्लास्टिक सर्जननी मला तो मऊ होईपर्यंत थांबायला सांगितले, त्यासाठी उपचारापासून नऊ महिने गेले, आणि अखेर लायपोसक्शन करावे लागले. शस्त्रक्रिया टाळण्यासाठी निवडलेल्या मार्गाने मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचलो, याचे दुःख मला आजही आहे. म्हणून माझे सांगणे इतकेच आहे की संमतिपत्रात ही गुंतागुंत नावानिशी लिहिली आहे का ते पाहावे, ती झाल्यास पुढील उपचार कोण करणार आणि त्याचा खर्च कोण उचलणार हे लेखी विचारावे, आणि ‘असे काही नसते’ हे उत्तर मिळाल्यास तेथून उठून यावे.

दीर्घिका

काठावरचा, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत. हा उल्लेख माझ्या पहिल्या प्रतिसादात यायला हवा होता. तो राहिला ही माझी चूक आहे. तुम्ही जसे वर्णन केले आहे तसेच हे दिसते, आणि अशा जागेवर पुन्हा कप लावण्याचा सल्ला अत्यंत अयोग्य होता.

पायवाट

चरबी विरघळवण्याच्या इंजेक्शनांविषयी थोडेसे, कारण यानंतर सायंतारा यांना कोणीतरी तोही पर्याय सुचवेल. डीऑक्सिकोलिक आम्ल हे पित्तातील एक द्रव्य आहे आणि ते पेशीचे आवरण फोडते. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. मी तेथेच घेतले. निदान महिन्याच्या अंतराने चार वेळा, आणि प्रत्येक वेळी आठवडाभर गळा बेडकासारखा सुजत असे. इंजेक्शन चुकीच्या जागी गेल्यास ओठाची एक बाजू हलवणाऱ्या नसेला इजा होऊन हसू वाकडे होऊ शकते. बहुतेकांचे ते काही आठवड्यांत सुधारते. परिणाम चांगला आला, तरी पोटासारख्या मोठ्या भागावर, आणि विशेषतः बाटलीवर घटक नीट न लिहिलेली मिश्रणे, मी कधीही टोचून घेणार नाही.

सायंतारा

आपल्या सर्वांच्या सांगण्यावरून मी एका प्लास्टिक सर्जनना दाखवून आले आणि ते येथे कळवणे माझे कर्तव्य समजते. त्यांनी उभे करून, बसवून आणि झोपवून अशा तीनही स्थितींत तपासले. ओटीपोटाचा उंचवटा बव्हंशी स्नायू विलग झाल्यामुळे आहे; बेंबीपाशी अडीच बोटांचे अंतर भरले. तेथे चिमटीत येणारी चरबी जेमतेम दीड सेंटिमीटर आहे आणि ती गोठवून काहीही साधणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हर्निया नाही. त्यांनी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवले असून श्वासाबरोबर पोटाचे आतले स्नायू आवळण्याचे व्यायाम कालपासून सुरू केले आहेत. उताणे झोपून पूर्ण उठून बसण्यासारखे (सिट-अप्स) पोट कमी करण्याचे व्यायाम मी यूट्यूबवर पाहून दीड वर्ष करत होते; ते सध्या बंद ठेवायला सांगितले आहे.

कंबरेच्या बाजूंची चरबी मात्र खरोखर चिमटीत येणारी, सुमारे तीन सेंटिमीटरांची आहे आणि तेथे क्रायोलिपोलिसिसचा उपयोग होऊ शकेल, असे त्यांचे मत पडले. काठावरचा यांनी सुचवलेले प्रश्न मी कागदावर लिहून नेले होते. सर्जननी त्या गुंतागुंतीचे नाव माझ्याआधी स्वतःच घेतले आणि संमतिपत्रातील तो परिच्छेद वाचून दाखवला. निर्णय मी चार महिन्यांनी घेणार आहे, व्यायामांनंतर पुन्हा माप घेतल्यावर. आज सकाळी खिडकीजवळच्या भिंतीपाशी उभे राहून, श्वास सोडून, ओंजळ यांनी सांगितल्याप्रमाणे पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवली आहेत.